चुलीवरचा स्विचबोर्ड

विलायतेहून समुद्र ओलांडून कोरडाठाक आलेला टेलिफोनचा स्विचबोर्ड मी शहापुरात आणून भिजवला. पावसात नव्हे. छपराखाली, बंद खोलीत, दाराला स्वतःच्या हाताने कुलूप लावून.

पावसात भिजवला असता तर निदान पावसाला नावं ठेवता आली असती.

सन एक्केचाळीसचा श्रावण होता. लढाई जोरात होती. मी मुंबईतल्या एका एजन्सीत नोकरीला होतो. आमची एजन्सी विलायतेतल्या कारखान्यांकडून टेलिफोनचा माल मागवायची, विकायची आणि गिऱ्हाइकाच्या जागेवर नेऊन उभा करून द्यायची. उभा करून देणारा मी. हुद्दा 'इरेक्टर'. आईला वाटायचं, आपला मुलगा इंजिनियर आहे. मी तिचा गैरसमज दूर करायच्या भानगडीत पडलो नाही. कारण बऱ्याचदा तो माझाही असायचा.

स्विचबोर्ड म्हणजे काय ते आधी सांगतो. आता नंबर फिरवला की फोन लागतो. तेव्हा मध्ये एक लाकडी कपाट लागायचं आणि त्याच्यापुढे बसलेला एक माणूस. कपाटाच्या तोंडावर पितळेच्या छोट्या झडपांच्या ओळी. एक झडप म्हणजे एक लाइन. गावातल्या कुणी आपल्या टेलिफोनचं हँडल फिरवलं की इकडे त्याची झडप 'टप्' करून खाली पडायची. ऑपरेटरने तिच्याखालच्या भोकात दोरीचा प्लग खुपसायचा, "कोण पाहिजे?" विचारायचं, आणि दोरीचं दुसरं टोक ज्याच्याशी बोलायचं त्याच्या भोकात घालायचं. झाली दोन माणसं जोडून.

बाहेरून एवढंच. आत मात्र प्रत्येक झडपेमागे एक कॉइल. केसाएवढ्या तांब्याच्या तारेवर रेशमाचं वेष्टण, आणि ती तार हजारो वेढ्यांनी गुंडाळलेली. हे रेशीम कोरडं आहे तोवर एका लाइनची वीज दुसरीत जात नाही. ओल लागली की कॉइल, तारा, लाकूड सगळेच एकमेकांशी कुजबुजायला लागतात. मग मामलेदार कल्याणशी काय बोलला ते लाकडाच्या वखारवाल्याला घरबसल्या ऐकू येतं.

आणि यातलं काहीही आपल्याकडे बनत नसे. बोर्ड विलायतेचा, दोऱ्या विलायतेच्या, झडपेचा स्क्रूसुद्धा विलायतेचा. कॅटलॉगात बघायचं, मागणीचा इंडेंट पाठवायचा आणि जहाजाची वाट बघत बसायचं. एवढा मोठा देश एकमेकांशी बोलणार, आणि त्याची सगळी जोडणी गोदीत उतरणाऱ्या खोक्यांवर अवलंबून. शांततेच्या दिवसांत हे कुणाच्या ध्यानातही यायचं नाही. लढाईत रोज यायचं. आमच्या गोडाऊनचे मुख्य पेस्तनजी सकाळी पेपर उघडून आधी जहाजांच्या बातम्या वाचायचे. आमचे बोर्ड घेऊन निघालेलं एक जहाज समुद्राच्या तळाला गेलं, तेव्हा त्यांनी चष्मा काढून पुसला आणि म्हणाले, "आता मासे लोक ट्रंक कॉल करेल."

गोडाऊनमध्ये एकच बोर्ड उरला होता. लढाईआधी आलेला. तो शहापूरला द्यायचं ठरलं. लढाईसाठी लाकूड हवं होतं, लाकूड शहापूर-मुरबाडच्या जंगलात होतं, आणि मुरबाडच्या डेपोला आसनगावच्या स्टेशनावर वॅगन आली की नाही हे विचारायचं तर माणूस पाठवावा लागायचा. बोर्ड शहापुरात बसणार होता आणि त्यावर आसनगावची आणि मुरबाडची लाइन येणार होती.

निघताना पेस्तनजींनी मला गोडाऊनच्या दारात थांबवलं.

"गुप्ते, हा शेवटचा हाय. समजला ने?"

"समजलं."

"काय समजला?"

"शेवटचा आहे."

"आणि हा खराब झाला तर तू बी शेवटचा. आता ऐक. आतमधे जस्तनी पेटी हाय, चारी बाजू डाग दिलेला. हवा बी जाते नाय. रूम सुकी नाय तोपर्यंत पत्रा कापायचा नाय. ते काम झाला, साहेब गणपती पहेला इन्स्पेक्शनला येल."

एवढी एकच सूचना. तीही मराठीत.

मालगाडीने खोकं आसनगावला उतरलं आणि बैलगाडीने शहापूरला आलं. जागा ठरली होती ती कान्हू पाटलांच्या घराची बाजूची खोली. पाटील भातशेतीवाले, अबोल माणूस. घरातलं सगळं बोलणं त्यांच्या बायकोकडे, जनीकाकीकडे. हिशेब बरोबर बसायचा. मी पोहोचलो तो दिवस उघडा होता आणि शेतावरून परतलेली काकी अंगणात पाय धूत होती. मला तिने 'तारमास्तर' करून टाकलं. तारमास्तर पोस्टात असतो, मी तो नव्हे, हे सांगून बघितलं. उपयोग झाला नाही.

खोलीत पूर्वी भात साठवायचे. कोरडी खडखडीत होती, पण भिंती काळ्या आणि जमीन उखणलेली. मी तोंड वाकडं केलं.

"काकी, मुंबईचा साहेब यायचाय. जमीन सारवून घ्या, भिंतींना चुना मारा. जरा शोभा येऊ दे."

"आता? सरावणात?" काकी म्हणाली. "सारवन वाळाचं नाय, मास्तर. हाय तशी ऱ्हाऊ दे."

"साहेबाला काय उखणलेली जमीन दाखवायची?"

"साहेब काय जमीन बघाया येतो?"

मी हुकूमच केला म्हणा ना. दुसऱ्या दिवशी काकीने आणि तिच्या जावेने ती खोली अशी सारवली की पाय ठेवायला संकोच वाटावा. हाताच्या बोटांनी काढलेल्या अर्धगोलांच्या ओळी भिंतीपासून भिंतीपर्यंत. वर पांढराशुभ्र चुना. मी दारात उभा राहून खूश झालो. डोक्यात एवढंही आलं नाही की हे जे चकाकतंय, ते पाणी आहे.

एव्हाना विलायती खोकं बघायला अर्धा गाव अंगणात जमला होता. गर्दी दिसली की मला काहीतरी होतं. आजही होतं. मी पटाशी घेतली आणि जस्ताचा पत्रा टराटरा कापला. आतून तुपाळ रंगाचं लाकूड, पितळेच्या झडपा, हिरव्या रेशमी दोऱ्या असं सगळं बाहेर आलं आणि अंगणातली गर्दी एक पाऊल पुढे सरकली. एका म्हाताऱ्याने पागोटं सावरत विचारलं, "आन मानूस यात कुठं बसतो?"

मी भाषण दिलं. किती वेळ ते विचारू नका.

मग बोर्ड त्या चकाकत्या खोलीत उभा केला. चोरी होऊ नये म्हणून खिडकी बंद केली. पावसाचे शिंतोडे येऊ नयेत म्हणून फटींत गोणपाट कोंबलं. दाराला कुलूप घालत होतो तेव्हा काकी म्हणाली, "दार उघडं ऱ्हाऊ दे. मी हाय ना घरात. आत वारा नको?"

"काकी, ही वस्तू लाखात एक आहे. दार उघडं टाकायला हा गोठा नाही."

"गोठ्याला तरी वारा लागतो," काकी म्हणाली आणि आत गेली.

किल्ली खिशात घालून मी मुरबाडला गेलो. तिकडच्या टोकाचं काम शिरू लाइनमन बघत होता. शिरू मुरबाडचाच, खांबावर चढायला माकड आणि बोलायला पोपट. दोन दिवसांत लाइन तपासून परत यायचं असा बेत होता. पण बॅटरी राहिली होती. टेलिफोनची बॅटरी म्हणजे काचेची बरणी, त्यात जस्ताची कांडी आणि नवसागराचं पाणी. तयार सेल लढाईमुळे मिळत नव्हते, तेव्हा मी मुरबाडच्या बाजारात नवसागर घ्यायला गेलो. कल्हईवाले वापरतात तोच. मी हुशारी केली आणि एकदम गोणीभर घेतला, शहापूरलाही लागेल म्हणून.

नवसागराचा आणखी एक उपयोग असतो. मोहाची दारू गाळणारे तो भांड्यात टाकतात. हे मला सोडून त्या तालुक्यातल्या प्रत्येकाला माहीत होतं, आणि अबकारीच्या जमादाराला तर खासच.

"टेलिफोनात नवसागर?" जमादार म्हणाला.

"हो."

"आणि मोहाची फुलं कुठं घालता? रिसिव्हरात?"

शिरूने माझी बाजू घेतली. त्याने बाजू घेतल्यावर जमादाराची खात्रीच पटली. मुंबईहून खुलाशाचं पत्र येईपर्यंत मला मुरबाडात बसवून ठेवलं. खाऊनपिऊन सुखी होतो. रोज शिरूबरोबर देवळात बसून सिद्धगडाच्या बाजूने येणारे ढग बघायचे. खोलीची किल्ली खिशात वाजत होती, आणि बोर्ड सुरक्षित आहे या विचाराने मला झोप छान लागत होती.

परत येऊन कुलूप काढलं. दार उघडेना. फुगलं होतं. खांद्याने रेटून आत गेलो आणि नाकात पहिला वास शिरला तो ओल्या शेणाचा. चुन्यावर पाण्याचे थेंब. बोर्डाच्या लाकडावर हिरवी लव. दोऱ्यांचं रेशीम हाताला गार लागलं.

मी मेगर काढला. मेगर म्हणजे हाताने फिरवायचं छोटं यंत्र. दांडा फिरवायचा, बोर्डात कुठे वीज झिरपत असली तर काटा डावीकडे शून्याला चिकटतो. कोरडं ठणठणीत असलं तर काटा थेट उजव्या टोकाला जातो. मी जीव खाऊन दांडा फिरवला. काटा जागचा हलला नाही. मला वाटलं, मेगर बिघडला. मेगर ठीक होता.

मग मुरबाडची लाइन जोडली आणि शिरूला सांगून ठेवल्याप्रमाणे तिकडून रिंग आली. मुरबाडची झडप पडली. तिच्या शेजारच्या दोन्ही पडल्या.

मी त्या सारवलेल्या जमिनीवर बसलो. जमीन अजून ओली होती, हे धोतराने सांगितलं.

खोक्याचा पत्रा कापलेला. गोडाऊन रिकामं. समुद्रात पाणबुड्या. या बोर्डातली एक कॉइल जरी सडली तरी तिच्या जागी दुसरी आणायला या देशात दुकान नव्हतं. मुरबाडची लाइन लढाई संपेपर्यंत खांबावर नुसती कावळे बसवत राहणार होती. आणि माझं काय होणार ते पेस्तनजींनी गोडाऊनच्या दारातच सांगितलं होतं.

अशा वेळी शहाणा माणूस कुणाला तरी विचारतो. मी कोळशाची शेगडी आणली. दार लावून घेतलं, म्हणजे उष्णता बाहेर जायला नको, आणि शेगडी खोलीच्या मधोमध ठेवली. थोड्याच वेळात जमिनीतून वाफ निघायला लागली. भिंतींतूनही. ती सगळी जाऊन बसली खोलीतल्या सर्वांत गार वस्तूवर, म्हणजे पितळेच्या झडपांवर. झडपांवरून थेंब ओघळायला लागले. आधी बोर्डाला नुसती ओल होती. आता मी त्याला आंघोळ घातली होती.

दारावर थाप पडली. काकी.

"आत काय भात शिजवतोस काय रे?"

मी दार उघडलं. तिने शेगडी बघितली, थेंब बघितले आणि माझ्याकडे बघितलं. अहो-जाहो त्या क्षणी संपलं, ते कायमचं.

"काकी, हे वाळलं नाही तर माझी नोकरी जाईल," मी म्हणालो. "आणि नोकरीचं सोडा, असा दुसरा बोर्ड आता येणार नाही. समुद्र बंद आहे."

"समुद्र बंद हाय," काकी म्हणाली. "चूल बंद नाय ना? उचल."

पाटलांच्या स्वयंपाकघरात चुलीच्या वर, डोक्याला लागणार नाही इतक्या उंचीवर, बांबूची एक मोठी ताटी टांगलेली होती. त्या भागात घरोघर असते. पावसाळाभर ज्याला ओल लागता कामा नये ते सगळं तिच्यावर जातं. भोपळ्या-काकडीचं बियाणं, मीठ, काडेपेट्या, सुकट, लसूण. खालून चुलीची ऊब, वरून छप्पर. सुकटीशेजारी काकीने हात फिरवून जागा केली.

"इथे?" मी म्हणालो. "काकी, धूर लागेल!"

"माझ्या बियान्याला धूर लागतो. उगवत नाय काय?"

"अहो पण हे विलायती—"

"विलायतेत चुली नसतात काय?"

मी बोर्ड खोलायला बसलो. कॉइलच्या पट्ट्या, भोकांच्या पट्ट्या, दोऱ्या, तारांची जुडी, सगळं सुटं केलं. कुठली तार कुठे होती ते कळावं म्हणून काकीच्या गोधडीच्या चिंध्या फाडून रंगवार बांधल्या. धुराची काजळी बसू नये म्हणून काकीने एक जुनं मऊ लुगडं दिलं. त्यात गुंडाळून विलायती माल सुकटीशेजारी चढवला. लाकडी कपाट चुलीमागच्या भिंतीला, पलीकडच्या ओटीवर टेकवून ठेवलं.

आता खरी अडचण आली. ऊब सतत हवी. पण घरात चूल पेटणार दोन वेळा, आणि मधल्या वेळात विझणार. श्रावणात कोरडं लाकूड कुणाकडे फार नसतं. पाटलांची मोळी मी डोळ्यांनी मोजली. हे मागण्याइतका निर्लज्ज मीही नव्हतो.

काकी अंगणात गेली. पलीकडच्या घराकडे तोंड करून तिने हाक मारली. तो आवाज मुरबाडला तारेशिवाय गेला असता.

"गो सीताबाय! आजपासून तुझा तवा हितं आन. तुझी लाकडं घेऊन. आन त्या पारूला पन सांग. आपल्या आळीला एकच चूल. या मास्तराचं यंतर वाळाचंय."

मग जे झालं ते मी आजवर पुष्कळांना सांगितलं आहे, आणि पुष्कळांनी मान डोलावून विश्वास ठेवलेला नाही. त्या आळीतल्या घरांनी आपापल्या चुली विझवल्या. बायका आपली पातेली, तवे, पीठ आणि काखेत चार काटक्या घेऊन पाटलांच्या स्वयंपाकघरात यायला लागल्या. पहाटे एकीची पेज, मग दुसरीच्या भाकऱ्या, मग तिसरीचा भात, दुपारी कुणाची करटुल्यांची भाजी, तिन्हीसांजेला पुन्हा भाकऱ्या. चूल विझेना. मी कोपऱ्यात पाटावर बसून असायचो. कुणी मला काही काम सांगत नसे. सांगितलेली कामं मी कशी करतो ते सगळ्यांनी बघितलं होतं.

"मास्तर, तुझा देव कवा बसाचा?" सीताबाय भाकरी थापता थापता विचारायची. "गनपतीच्या आधी का नंतर?"

"आधी बसला पाहिजे, सीताबाय."

"मग फुंकनी घे हातात. नुसता बघून काय वाळतंय?"

रोज सकाळी मी स्टुलावर चढून लुगडं सोडायचो आणि मेगर लावायचो. पहिल्या दिवशी काटा मेलेलाच. दुसऱ्या दिवशी जरासा थरथरला, तोही स्टूल डगमगलं म्हणून असेल. मग एका सकाळी तो शून्यावरून निघाला. खाली बायकांचे हात थांबले.

"चढला?" काकी म्हणाली.

"चढला. थोडा."

"किती ऱ्हायला?"

मी मेगर खाली आणून सगळ्यांना दाखवला. डावीकडे शून्य, मग आकडे, आणि उजव्या टोकाला आडवा पडलेला इंग्रजी आठ.

"हा आठ झोपलाय का?" पारूने विचारलं.

"तो आठ नाही. ती अनंताची खूण आहे. तिथे काटा गेला की वीज अजिबात झिरपत नाही. तिथून पुढे मोजता येत नाही."

काकीने त्या खुणेवर पिठाचं बोट टेकवलं. "म्हंजे मोजायाचं संपलं, तरी तो हाय," ती म्हणाली.

कॉलेजात मला हे एका प्रोफेसरने पुष्कळ दिवस शिकवलं होतं. 

पुढच्या दिवसांत आळीत कुणी भेटलं की पहिला प्रश्न काट्याचा. शेतावरून येणारे गडी डोक्यावरची इरली अंगणात ठेवून दारातून विचारायचे, "कुठवर?" कान्हू पाटील, जे सहसा तोंड उघडत नसत, तेही एकदा जेवताना म्हणाले, "काटा?" मी सांगितलं, अर्ध्यावर. ते "हं" म्हणाले. त्यांच्या मानाने हे भाषण झालं.

त्या दिवसांत मी एका कॉइलकडे पहिल्यांदा नीट बघितलं. धंद्यातला माणूस, शेकडो कॉइली हाताळलेल्या, पण बघितली नव्हती. लुगडं उलगडलं होतं, खाली जाळ मोठा झाला आणि त्या उजेडात तारेचे वेढे चमकले. एकाशेजारी एक, केसाइतके बारीक, एकही दुसऱ्यावर चढलेला नाही. थरावर थर. आमच्या कॅटलॉगात पहिल्या पानावर कारखान्याचा एक फोटो असायचा. लांबच लांब दालन आणि यंत्रांपुढे ओळीने बसलेल्या बायका, कॉइली गुंडाळताना. मी तो फोटो नेहमी पान उलटून पुढे जायचो, कारण किमती मागच्या पानावर असत. त्यांतल्या कुणीतरी हे रेशीम हाताखालून सोडलं होतं. तिच्या गावावर आता बॉम्ब पडत असतील. आणि तिने गुंडाळलेलं इथे शहापुरात, सुकटीशेजारी, ज्या बायकांना तिचा देश कुठल्या दिशेला आहे ते माहीत नाही त्यांनी चुलीवर धरलं होतं. सगळ्या जणी भाकऱ्या थापत होत्या आणि एकमेकींच्या सासवांना नावं ठेवत होत्या. मी स्टुलावर उभा होतो. उतरावंसं वाटेना.

"मास्तर, स्टुल मोडंल," काकी म्हणाली. मी उतरलो.

एका सकाळी काटा त्या झोपलेल्या आठावर जाऊन टेकला. मी दांडा फिरवत राहिलो. काटा हलेना. यावेळी न हलणारा काटा बघून डोळ्यांत पाणी आलं. धूर होताच, त्यामुळे कुणाच्या लक्षात आलं नाही.

बोर्ड पुन्हा जोडला. त्या सारवलेल्या खोलीत मी तो ठेवणं शक्यच नव्हतं. ओटीवर, चुलीच्या भिंतीला पाठ लावून उभा केला. भिंत सदा उबदार. सगळ्या लाइनी जोडून झाल्यावर मुरबाडची झडप वर लावली आणि वाट बघत बसलो. आळी जमलेली. टप्. एकच झडप पडली. शेजारच्या दोघी जागच्या हलल्या नाहीत.

मी प्लग घातला आणि रिसिव्हर काकीच्या कानाला लावला.

"कोन हाय?" काकी ओरडली.

"शिरू बोलतोय, मुरबाडास्नं," आतून आवाज आला. मला बाजूला उभ्याने ऐकू येत होता, इतका स्वच्छ.

काकीने रिसिव्हर कानापासून दूर धरून त्याच्याकडे बघितलं. मग माझ्याकडे संशयाने. "हा परसात लपलाय," ती म्हणाली. "सीताबाय, मागं बघून ये गो."

सीताबाय बघून आली. कुणी नव्हतं.

"मुरबाडात हायस तर सांग, तिथं काय चाललंय?" काकीने विचारलं.

"काय नाय. सिद्धगड काळा झालाय. आला बघ पाऊस... आला! आयला, धो धो आला. छपरावर ऐक." आणि रिसिव्हरातून खरोखरच कौलांवर पावसाचा आवाज यायला लागला.

आमच्याकडे ऊन पडलं होतं. अंगणात पाटलांची घोंगडी वाळत होती. सगळ्या जणी त्या आवाजाकडे आणि उन्हाकडे आळीपाळीने बघत होत्या. घटकाभराने दक्षिणेकडून वारा सुटला. भाताची खाचरं पलीकडच्या टोकापासून काळी पडत पडत आमच्याकडे आली, आणि मघाशी ऐकलेला तोच आवाज आमच्या कौलांवर उतरला.

काकीने त्याआधीच घोंगडी आत घेतली होती. ती हातात धरून ओटीवर उभी होती. तिचा आवाज मी त्या एकाच वेळी बारीक झालेला ऐकला. "पावसाच्या आधी आला रे," ती म्हणाली. "त्याचा बोल पावसाच्या आधी आला."

मी कितीतरी बोर्ड उभे केले होते. कधी कुणी मला सांगितलं नव्हतं की मी हे करतो.

गणपतीआधी पेस्तनजी आणि बडे साहेब आले. साहेबाने मेगर लावला, काटा टोकाला गेला. मुरबाडला बोलले, शिरूने "गुड मॉर्निंग" म्हटलं, दुपार होती. साहेब खूश. मग त्यांनी बोर्डाचं मागचं दार उघडलं आणि नाक आक्रसलं.

"हा वास कसला?"

"सर," मी म्हणालो, "दमट हवेसाठी खास—"

"दीकरा," पेस्तनजी हळूच म्हणाले, "हे तो सुकट हाय. माझ्या घरी बी शिजते."

मग मी सगळं सांगितलं. सारवण, कुलूप, नवसागर, शेगडी. पेस्तनजी भाषांतराला होतेच. जिथे मी गाळत होतो तिथे ते भर घालत होते. साहेब ऐकून घेऊन बूट काढून स्वयंपाकघरात गेले. टोपी हातात घेऊन चुलीवरच्या ताटीकडे मान वर करून उभे राहिले. खाली पारूच्या भाकऱ्या चालल्या होत्या. मग म्हणाले, "आमच्या कारखान्यात कॉइल सुकवायला अख्खी इमारत आहे."

नोकरी राहिली. धडा म्हणाल तर एवढाच की बोर्डात शिरलेली ओल काढता येते. माणसात शिरलेली हुशारी काढायला ताटी नाही.

निघताना साहेबाने ठरवलं की बोर्ड आहे तिथेच, चुलीच्या भिंतीला राहू दे. आणि काळजी म्हणून पावसाळा संपेपर्यंत गुप्तेनेही शहापुरात राहून त्याच्यावर लक्ष ठेवावं. पेस्तनजींनी काकीला विचारलं, चालेल ना?

काकीने हातावरचं पीठ झटकलं.

"यंतर ऱ्हाऊ दे, त्याला आमी बघू," ती म्हणाली. "ह्याला घेऊन जा. ह्याच्यापासनंच तर त्याला जपाया लागतंय."